ताक, आजी आणि पॅरिसचे एक प्राध्यापक

परवा लेकीला डॉक्टरांकडे नेलं होतं. दूध प्यायली की तासाभरात तिचं पोट फुगतं, कळा येतात आणि मग पळापळ. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर पचत नाही तिला. दूध थांबवा, दही-ताक मात्र देऊन बघा.

दवाखान्यातून बाहेर पडलो आणि एकदम वाढवणची आजी आठवली.

आजीने कधी दुधाचा चहासुद्धा घेतला नाही. "मला दूध सोसत नाही," एवढंच म्हणायची. पण दुपारी जेवणानंतर तांब्याभर पातळ ताक हवंच. शेवटच्या आजारपणात अंगात ताकद यावी म्हणून आम्ही सगळे तिच्या तोंडाला दुधाचा पेला लावत होतो. ती तोंड फिरवायची. आम्ही तिला हट्टी म्हणालो. मीसुद्धा.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. म्हटलं, चला, दह्याचा इतिहास जरा चाळू या.

आपल्याकडे दही-ताकाचा विचार फार जुना. चरकसंहितेत मूळव्याधीवर ताकाची मोठी स्तुती आहे, आणि दही रात्री खाऊ नये हेही तिथेच सांगितलंय. आजीने चरकाचं नावही ऐकलं नसेल, पण दिवेलागणीनंतर दह्याच्या गाडग्याला हात लावू द्यायची नाही. तिचा दुसरा नियम म्हणजे मासळीबरोबर दही नाही. मासळीच्या गावात हा नियम म्हणजे अर्ध्या वेळा दही बंदच! (बंगाली लोक दह्यातला मासा मजेत खातात आणि त्यांना काही होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.)

युरोपात दह्याला औषधाचा मान मिळाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्टामेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियाचा तरुण जिनिव्हात शिकत होता. 1905 मध्ये त्याने आपल्या देशातल्या दह्यातला जिवाणू शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या इल्या मेचनिकॉफ यांनी ही गोष्ट उचलून धरली. हे काही साधेसुधे गृहस्थ नव्हते. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवल्याबद्दल त्यांना 1908 चं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष अंगात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात. ते स्वतः रोज आंबट दूध घेत. झालं! युरोप-अमेरिकेत दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्यासुद्धा विकायला आल्या. 1919 मध्ये आयझॅक कारासो यांनी बार्सिलोनात 'दानोन' दही सुरू केलं, तेही औषधांच्या दुकानांतून विकायला. आपल्याकडे जे शिंकाळ्यात टांगलेलं, ते तिकडे औषधांच्या शेजारी!

मेचनिकॉफ स्वतः 1916 मध्ये 71 व्या वर्षी गेले. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर यांनी दाखवलं, की तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. म्हणजे म्हातारपण थोपवायची गोष्ट तिथेच अडकली. मग जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जिवाणू वाढवला आणि 1935 मध्ये 'याकुल्ट' आलं. असो.

गंमत म्हणजे दह्याचा जो फायदा पक्का ठरला, तो आजीवालाच. दूध विरजताना जिवाणू दुधातल्या साखरेचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात. शिवाय ती साखर फोडणारं पाचकद्रव्य ते स्वतःबरोबर आपल्या पोटात आणतात. म्हणून ज्याला दूध सोसत नाही त्याला दही बऱ्याचदा सोसतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये हे मान्य केलं. आणि जगात मोठेपणी दूध नीट न पचणारी माणसंच जास्त आहेत. आजी हट्टी नव्हती, ती बहुमतात होती!

बाकीच्या फायद्यांबद्दल जरा बेतानेच बोलावं. 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने आठवड्याला किमान दोन कप दही खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो असं म्हणायला परवानगी दिली, पण 'पुरावा मर्यादित आहे' ही पुस्ती जोडून. दह्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, हे खरंच. पण बाजारातल्या फळांच्या चवीच्या कपात साखरही असते, तेवढं डबा उलटून वाचावं.

गेल्या रविवारी वाढवणला गेलो. गावात सध्या बंदराशिवाय दुसरा विषय नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली तेव्हापासून कोण राहणार, कोण जाणार, हेच चाललंय. काकूकडे विरजण मागितलं. ती म्हणाली, "अरे, माझंही मधे मोडलं होतं. शेजारून आणलं. त्यांनी कधीकाळी आपल्या आजीकडून नेलेलं."

स्टीलच्या डबीत ते घेऊन डहाणू रोडला लोकल पकडली. डबी सांडू नये म्हणून अख्खा प्रवास मांडीवर धरून बसलो होतो.

काल लेकीने पेलाभर ताक प्यायलं. रात्री पोट दुखलं नाही.

आजी, चुकलंच आमचं.