सूचिछिद्राची कुळकथा

उन्हातान्हात आयुष्य काढलेल्या दर्यावर्दींच्या चेहऱ्याची व हातांची कातडी राठ होते, तिच्यावर खवले धरतात आणि त्यांतील एखाद्यातून पुढे कर्करोग उद्भवतो, हे हाम्बुर्गच्या पाउल गेर्सोन उना या त्वचावैद्याने १८९४ साली नोंदवून ठेवले. परंतु अशा खवल्यांपैकी निरुपद्रवी कोणता व घातक कोणता याचा निवाडा करावयाचा, तर कातडीचा तुकडा कापून प्रयोगशाळेकडे रवाना करण्यावाचून पुढील कित्येक दशके वैद्यांपाशी दुसरा खात्रीचा इलाज नव्हता.

ज्या यंत्राने ही सुरी काहीशी म्यान केली, त्याचा जन्म त्वचेसाठी झालेलाच नव्हता. हार्वर्डमधील मार्विन मिन्स्की या तरुण संशोधकाला मेंदूतील मज्जातंतूंचे जाळे पाहावयाचे होते. पण सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या-खालच्या थरांतला प्रकाश एकमेकांत मिसळून सारे धूसर होई. तेव्हा प्रकाश वाढविण्याऐवजी त्याने तो अडविला: एका सूचिछिद्रातून एकाच बिंदूवर किरण टाकावयाचे, आणि परतणाऱ्या प्रकाशातला त्या बिंदूपासून आलेला तेवढाच दुसऱ्या सूचिछिद्रातून आत घ्यावयाचा. १९५७ साली केलेल्या अर्जावर १९६१ साली त्याला पेटंट मिळाले खरे, पण ही यंत्रे बाजारात आली ती त्या हक्काची मुदत सरून गेल्यावर.

१९९५ साली बोस्टनच्या वेलमन प्रयोगशाळेत मिलिंद राजाध्यक्ष (हे आडनाव मराठी कानांस परके नाही) आणि त्यांचे सहकारी यांनी याच तत्त्वावर, लेसरच्या साहाय्याने, जिवंत माणसाच्या त्वचेतील पेशी न कापता पाहिल्या. आणि मौज अशी की उन्हापासून बचावासाठी त्वचा जे काळे मेलॅनिन साठविते, तेच या चित्रात सर्वांत उजळ उमटले.

आज रुग्णाच्या त्वचेवर तेलाचा थेंब सोडून धातूचे एक कडे चिकटवितात आणि भिंग त्यावर टेकवितात. निरोगी त्वचेतील पेशींची मांडणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रेखीव दिसते. उन्हाने बिघडलेल्या डागात त्या पोळ्याची घरे लहानमोठी, वेडीवाकडी होतात. मात्र ही दृष्टी जेमतेम पाव मिलिमीटर खोल पोहोचते आणि खवला जाड असला तर वरच्या वरच अडते. अशा वेळी वैद्याला सुरी पुन्हा म्यानाबाहेर काढावीच लागते.