वऱ्हाडची वही आणि जगाचा आकडा

एस्टोनिया, स्लोव्हेनिया, स्लोव्हाकिया ही चिमुकली राष्ट्रे साम्यवादातून बाहेर पडून जगाशी किती जोडली गेली, हे मोजायचे गणित सोपे आहे. आयात अधिक निर्यात, भागिले देशाचे उत्पन्न. झुरिकच्या केओएफ संस्थेचा २००२ साली मांडलेला निर्देशांक यात माणसांची ये-जा, माहिती आणि राजकीय संबंधही मिसळून शंभरपैकी गुण देतो. हे सगळे सर्वज्ञात आहे. माझे म्हणणे एवढेच, की या मोजमापाचे कूळ शोधायचे तर वऱ्हाडातल्या बाळापूरहून सहा मैलांवर, पारस स्टेशनात उतरावे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक हसतील, हसू देत.

धागा सापडला तो एका तहात. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक हैदराबादला द्यायची. म्हणून वऱ्हाडची वही वेगळी. खानदेशाचा जमाखर्च मुंबई इलाख्यात विरघळून गेला तरी कोणाचे बिघडत नव्हते. इथे मात्र निजामाचे दिवाण सालारजंग प्रांत परत मागत बसले होते. जकात नाक्यावर नसेल, पण कागदावर वऱ्हाडला पक्की हद्द मिळाली.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयो खामगावचा फाटा उघडायला स्वतः आले. आता रुई स्टेशनात तोलली जाऊन पावतीवर चढू लागली, आणि पुढे वऱ्हाडच्या रेल्वे-व्यापाराचे स्वतंत्र अहवाल निघू लागले. बाहेर किती गेले, आत किती आले, दोन्ही बाजू तयार. भागाकारातला अंश हाच! छेद, म्हणजे उत्पन्न, तेव्हा कोण काढणार? दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये काढले, तेही १८६७-६८ या सालासाठी. नागपूरची रेल्वे आणि हा आकडा एकाच सुमाराचे, हा योगायोग मी सहजी सोडणार नाही.

प्रतिस्पर्धी मत तगडे आहे. ओरूर्क आणि विल्यमसन हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, मालाचे ढीग मोजू नका, दोन बाजारांतल्या भावांतले अंतर मोजा. १८७३ मध्ये लिव्हरपूलला कापसाचा भाव मुंबईपेक्षा ५७ टक्के चढा होता. १९१३ पर्यंत ते अंतर २० टक्क्यांवर आले. सुएझ, तार, आगबोटी यांचे हे काम. मुंबईच्या बाजारात अमरावतीच्या नावाने ‘उमरा’ म्हणून खपणाऱ्या रुईत अकोल्या-खामगावचा मालही असे, तेव्हा या मताचा मला राग नाही. पण ते बंदरापासून बंदरापर्यंतच मोजते. बाळापूरच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले, हे लिव्हरपूलच्या भावात दिसत नाही.

आणि खरी गंमत बाळापुरातच आहे. हे काही आडगाव नव्हते. अकबराच्या काळापासून परगण्याचे ठाणे. १७२० मध्ये पहिल्या निजामाने, निजामुल्मुल्काने, प्रतिस्पर्धी आलम अलीखानाला याच भागात हरवले आणि दख्खनवर पकड बसवली. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला १७५७ मध्ये पुरा झाला. गावाची सतरंजी नावाजलेली. आता तिचाच हिशेब मांडू. बायकांनी घरी कातलेले सूत, शेजारच्या शिवारातली रुई, गावातलाच माग. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती सतरंजी बैलगाडीत घालून बाजाराला गेली, तर वऱ्हाडच्या रेल्वे-व्यापारात तिची नोंद शून्य. तीच रुई गाठीत दाबून परदेशी रवाना केली आणि मागावर विलायती सूत आणले, की एकाच सतरंजीपायी व्यापार दोनदा वाढतो: एकदा जाताना, एकदा येताना. कातणारीचा चरखा थांबल्याचा रकाना कुठेच नाही. कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक तर उघडच लिहीत होता, की रेल्वेने विलायती कापड स्वस्त पडले तर घरी खपणारी रुईही निर्यातीला मिळेल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. वऱ्हाडचे गुण वाढले ते असे.

एस्टोनिया-स्लोव्हाकियाचे निराळे नाही. १९९३ च्या १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकिया दुभंगला आणि ब्रातिस्लाव्हाहून प्रागला जाणारा आदल्या दिवशीचा देशी माल निर्यात झाला. कारखाना, गिऱ्हाईक सारे तेच. मधे हद्द आली. एस्टोनियाने रशियाला पाठवलेला मालही १९९१ पर्यंत परदेशी गणला जात नव्हता. लहान राष्ट्रांचे आकडे फुगलेले दिसतात त्यात या हद्दीचा वाटा मोठा, आणि अशी हद्द केवळ हिशेबासाठी आखून दाखवणारा पहिला प्रांत वऱ्हाड, असे मी म्हणतो. दुसरा दाखला कोणी आणला तर जरूर वाद घालू.

पुढे १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. शिल्लक मोजून हैदराबादला पाठवायचे कारणच संपले, आणि १९०३ मध्ये प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला.