मामांची कावीळ, व्हिपलची शस्त्रक्रिया आणि मॉर्फीनची गोळी

चार वर्षांपूर्वी आमच्या सांगलीच्या मामांना कावीळ झाली. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, नुसते डोळे पिवळे आणि अंगभर खाज. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. शेजारच्या गावात एकजण काविळीचं झाडपाल्याचं औषध देतो, ते तीन रविवार घेऊन झालं. उसाचा रस झाला, तेल-तूप बंद झालं. खाज काही थांबेना. शेवटी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, आणि निदान आलं: स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेली. ऑपरेशन होण्यासारखी नाही.

"आता फक्त आराम द्यायचा," असं डॉक्टर म्हणाले. मामींनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हणजे आता काहीच करायचं नाही का रे?" मी घरातला 'शिकलेला' म्हणून मला विचारलं. मला काय ठाऊक? मी सर्व्हर सांभाळतो, स्वादुपिंड नाही. पण तो 'फक्त' डोक्यात रुतून बसला आणि मी वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनाचा. (औषधोपचाराचा सल्ला नव्हे, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.)

आधी जागेचा प्रश्न समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. यकृतातून पित्त घेऊन येणारी नलिका त्याच्या डोक्यातून आतड्यात उतरते. डोक्यात गाठ झाली की नलिका दाबली जाते, पित्त तुंबतं, कावीळ होते. म्हणजे मामांची कावीळ यकृताची नव्हतीच, ती ट्रॅफिक जॅमची होती. गाठ शेपटीकडे असेल तर कावीळसुद्धा होत नाही आणि पत्ता लागेपर्यंत फार उशीर होतो. निदानाच्या वेळी ऑपरेशन करता येईल असे रुग्ण साधारण १५ ते २० टक्केच असतात.

त्या ऑपरेशनला व्हिपलचं नाव आहे. अ‍ॅलन व्हिपल हा न्यूयॉर्कचा सर्जन, जन्म मात्र इराणमधला, मिशनरी आईबापांच्या पोटी. खरं तर पहिला तो नव्हे. इटलीत कोदिविलाने १८९८ साली प्रयत्न केला होता, बर्लिनमध्ये काउशने १९०९ साली. पण १९३५ साली व्हिपल आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली आणि तिथून हे ऑपरेशन रुळलं. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेलं आतडं, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग, बऱ्याचदा जठराचाही थोडा तुकडा काढायचा आणि उरलेलं सगळं पुन्हा जोडायचं. चालू सिस्टीममधून मधलाच सर्व्हर उचलायचा आणि तिन्ही कनेक्शन पुन्हा लावायची, तीही गळती न होता.

गळतीचीच कथा मजेशीर आहे. सुरुवातीला टाके कॅटगटचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीचे घातले जात. आता स्वादुपिंडाचं कामच मुळी प्रथिनं पचवायचं, त्याचा रस ती तातच पचवून टाकायचा! व्हिपलने मग रेशमाचे टाके वापरले.

दुसरी अडचण रक्ताची. काविळीच्या रुग्णाला चिरलं की रक्त थांबत नसे, म्हणून व्हिपल ऑपरेशन दोन टप्प्यांत करायचा. आधी पित्ताला दुसरी वाट करून द्यायची, कावीळ उतरली की काही आठवड्यांनी गाठ काढायची. याचं कारण दुसऱ्याच टीमने शोधलं, डेन्मार्कमध्ये कोंबडीच्या पिल्लांवर काम करणाऱ्या हेन्रिक डामने. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व त्याला सापडलं. हे जीवनसत्त्व आतड्यातून शोषलं जायला पित्त लागतं. पित्त नाही तर के नाही, के नाही तर रक्त थांबत नाही. किती सरळ डिपेंडन्सी! इंजेक्शन आलं आणि दोन टप्प्यांची गरज कमी झाली. १९४० साली व्हिपल जठराचा कॅन्सर समजून एक ऑपरेशन करत होता. अर्ध्यात कळलं की गाठ स्वादुपिंडात आहे. रुग्णाला कावीळ नव्हती, मग एका बैठकीतच सगळं उरकलं.

पण त्यापुढची तीस-चाळीस वर्षं फारशी भूषणावह नाहीत. ऑपरेशनमुळेच चार-पाचातला एक रुग्ण दगावायचा. १९७० साली जॉर्ज क्राइल (धाकटा) या अमेरिकन सर्जनने चक्क लिहिलं की गाठीच्या मागे लागण्यापेक्षा नुसता बायपास करून पित्ताला वाट द्या, त्यात रुग्णाचं भलं जास्त आहे. मोठ्या सर्जनने 'कापू नका' म्हणायला धीर लागतो. पुढे काही हॉस्पिटलांनी हे एकच ऑपरेशन सतत करून हात बसवला. १९९३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या कॅमेरॉनने ओळीने १४५ ऑपरेशनं एकही मृत्यू न होता केल्याचं छापलं. २००२ साली अमेरिकेतले आकडे आले: जिथे हे ऑपरेशन क्वचित होतं तिथे मृत्यू १६.३ टक्के, जिथे भरपूर होतात तिथे ३.८. तेव्हा कोणाच्या घरी हा प्रसंग आलाच, तर "तुमच्याकडे वर्षाला अशी किती होतात?" हे विचारायला लाजू नका.

असो. मामांना हा दरवाजा बंदच होता. त्यांच्यासाठी इतिहासाची दुसरी रांग होती, जिच्यावर सिनेमे निघत नाहीत.

क्राइल जे पोट फाडून करा म्हणत होता, ते दहाच वर्षांत तोंडातून दुर्बीण घालून व्हायला लागलं. निब सोहेंद्र या इंडोनेशियात जन्मलेल्या डॉक्टरने हॅम्बुर्गमध्ये पित्तनलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवली, १९८० साली ते प्रसिद्ध झालं. मामांना धातूची स्टेंट टाकली. आठवड्याभरात खाज गेली आणि माणूस महिन्यानंतर पहिल्यांदा रात्रभर झोपला. मामी म्हणाल्या, "एवढं साधं होतं तर आधीच का नाही केलं?" झाडपाल्याचे तीन रविवार कोणी काढले नाहीत.

मग केमो. इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. जेमसिटाबीन हे औषध १९९६ साली अमेरिकेत या कॅन्सरसाठी मंजूर झालं. १९९७ साली छापलेल्या चाचणीत १२६ रुग्ण होते, आणि मुख्य प्रश्न "किती दिवस जगले" हा नव्हताच! प्रश्न होता: दुखणं कमी झालं का, वेदनाशामक कमी लागलं का, माणूस हिंडूफिरू लागला का, वजन वाढलं का. जुन्या औषधावर ६३ पैकी ३ जणांना असा फरक पडला, नव्यावर १५ जणांना. आयुष्य सरासरी सव्वा महिन्याने वाढलं, तेही आहेच. पण एक कॅन्सरचं औषध 'आराम' मोजून पास झालं, हे वाचून मला डॉक्टरांचा तो 'फक्त' पुन्हा आठवला.

त्यानंतर औषधं पुढे गेली. २०११ साली फ्रान्समधून चार औषधांचं फोल्फिरिनॉक्स आलं. पसरलेल्या आजारात जेमसिटाबीनवर ६.८ महिने, यावर ११.१. मात्र ते सोसायला तब्येत धड लागते. ऑपरेशन झालेल्यांना त्याचंच सौम्य रूप नंतर दिलं, तर २०१८ च्या चाचणीत मधलं आयुर्मान ३५ वरून ५४.४ महिन्यांवर गेलं. अमेरिकेत सगळे रुग्ण धरून पाच वर्षं जगणारे आता १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. आकडा लहानच, पण १९७०च्या दशकात तो तीनच्या आसपास होता.

मामांची खरी लढाई पाठदुखीशी होती. ही गाठ मागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात घुसते. त्या जाळ्यालाच बधिर करायची युक्ती माक्स काप्पिस या जर्मनाची, १९१४ सालची. आज तिथे अल्कोहोल टोचून ते कायमचं गप्प करता येतं. मामांना त्याने बराच फरक पडला. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलं, आणि घरात सन्नाटा. मॉर्फीन म्हणजे शेवट, मॉर्फीन म्हणजे व्यसन.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्सने हीच समजूत मोडली. ती आधी नर्स, मग समाजसेविका, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाली. तिचं म्हणणं साधं होतं: दुखायची वाट बघून गोळी देऊ नका, घड्याळ लावून द्या, म्हणजे दुखणं वर येतच नाही. १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीची पद्धत सांगितली, त्यात घड्याळ आलंच. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला डॉ. डिसूझांनी शांती अवेदना सदन सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस.

आणि त्याच सुमारास आपण काय केलं? १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा केला. परवाने इतके की दुकानदार मॉर्फीन ठेवीनासे झाले. बारा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला, १९९७ साली अख्ख्या भारतात १८ किलो. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, तरी हे हाल. केरळात डॉ. राजगोपाल आणि मंडळींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचं जंजाळ कमी झालं. तरीही मामांची पहिली स्ट्रिप शोधायला मी गावातली सहा मेडिकल पालथी घातली. शेवटी मिळाली ती दुसऱ्या शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलात.

एक छोटी गोष्ट राहिली. खाल्लेलं पचत नव्हतं, वजन उतरत होतं. स्वादुपिंडाचा रस कमी पडला की जेवणासोबत पाचक एन्झाइमची कॅप्सूल घ्यावी लागते. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. मामा पक्के शाकाहारी, चातुर्मास पाळणारे. मी दोन दिवस सांगावं की नाही या विचारात होतो. सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वराहावतार झाला म्हणायचा. दे इकडे."

त्यानंतर मामा दहा महिने होते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मामी मॉर्फीनच्या वेळा लिहायच्या: सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहाला दुप्पट. वेळ चुकली तर मामाच हाक मारायचे, "अगं, दोन वाजले." त्या डिसेंबरात त्यांनी हुरडा खाल्ला, थोडासाच, कॅप्सूल घेऊन.