हिंग, बुरशी आणि व्हॅनिला

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कस्टर्ड होई. व्हॅनिला इसेन्सची बाटली आणली की अब्बा चष्मा चढवून लेबल वाचत. यात अल्कोहोल तर नाही ना? बाटलीवरचा ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र त्यांनी कधी तपासला नाही. मीही फार उशिरा तपासला.

व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोकडचा. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तो वाढे, पण शेंग धरत नसे. 1841 मध्ये एडमंड अल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातला पडदा काडीने उचलून हाताने परागण करून दाखवले. मळेवाले श्रीमंत झाले. 1848 मध्ये गुलामी संपली, एडमंड सुटला आणि 1880 मध्ये गरिबीतच मेला. मादागास्करमध्ये आजही एकेक फूल असेच हाताने फळवतात.

1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हार्मान यांनी सूचिपर्णी झाडांतल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवले. सुगंध स्वस्त झाला, पण ‘कृत्रिम’ ठरला. पुढे 1988 च्या युरोपीय कायद्याने सूक्ष्मजीवांकडून वनस्पतिज मालापासून करवून घेतलेल्या स्वादालाही ‘नैसर्गिक’ म्हणायची मुभा दिली. माझ्या मते खरी कलाटणी इथेच आहे, प्रयोगशाळेत नव्हे.

1996 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दोन बुरशींची जोडी जमवली. कच्चा माल फेरुलिक आम्ल. ते बीटचा चोथा आणि धान्याच्या कोंड्यातही असते, पण 1866 मध्ये पहिल्यांदा सापडले ते हिंगात, आणि नावही हिंगाच्या झाडावरूनच पडले! ढवळत्या, हवा खेळवलेल्या बंद टाकीत ॲस्परजिलस नायजर (कांद्यावर दिसणारी काळी बुरशी हीच) त्याचे व्हॅनिलिक आम्ल करते. मग मेलेल्या लाकडावर वाढणारी केशरी-लाल पिक्नोपोरस बुरशी त्यातून व्हॅनिलिन काढते. पण ही दुसरी बुरशी लहरी. मधेच वाट सोडून भलतेच द्रव्य बनवू लागे. सेलोबायोज ही साखर घातल्यावर वळणावर आली. शिवाय व्हॅनिलिन साठले की ते तिलाच विषारी, म्हणून राळेच्या मण्यांवर ते शोषून घ्यावे लागे. पुढे जास्त उत्पादन देणाऱ्या जीवाणूंनी या जोडीला मागे टाकले.

अब्बांना हे सगळे सांगितले. अल्कोहोलचे त्यांनी विचारलेच नाही. म्हणाले, “मग हातानं फुलं फळवणाऱ्यांचं काय?”