हातांचा चाळा



‘चाळा’ हा मराठींतला मोठा समजूतदार शब्द आहे. विचारांत गढलेले आजोबा उपरण्याचें टोंक चोळीत बसतात, शाळेंतली मुलगी वेणीचें टोक बोटाभोंवतीं गुंडाळते, पारावर बसलेला तरुण नकळत पाय हालवितो. ह्या सर्वांस आपण चाळाच म्हणतों. पाय हालविणाऱ्या मुलास ‘लक्ष्मी जाते’ असें सांगून आजी दटावते खरी, पण त्यामुळें त्यास कोणी वेडा ठरवीत नाहीं. परंतु सांगवीसारख्या नीराकांठच्या उसाच्या गांवीं एखादें मूल उलट्या ठेवलेल्या सायकलचें चाक तासन् तास फिरवूं लागलें, डोळ्यांपुढें हात फडफडवूं लागलें किंवा बसल्या जागीं डुलूं लागलें, कीं घरांतल्यांचा जीव घाबरा होतो. मग दृष्ट काढणें होतें, देवऋषी होतो, आणि शेवटीं चापट बसते. अशा पुष्कळ मुलांच्या प्रकृतीस आज ‘स्वमग्नता’ असें नांव आहे. नांव नवें असलें तरी चाळा जुना आहे, आणि त्याच्याशीं लोक कसे वागले हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम आपल्या वैद्यकाकडे वळूं. चरकसंहितेच्या उन्मादनिदानांत वातोन्मादाचीं लक्षणें दिलीं आहेत. सतत फिरत राहणें, डोळे, भुंवया, ओंठ, खांदे व हातपाय अकस्मात् हालविणें, अस्थानीं हंसणें, तोंडानें वीणेचा किंवा बांसरीचा आवाज काढणें! निरीक्षण किती सूक्ष्म आहे पहा. उन्माद आणि स्वमग्नता एक नव्हेत हें खरें. उन्माद हा मागाहून जडणारा रोग आहे आणि स्वमग्नता जन्माबरोबर येणारी घडण. पण बाहेरून दिसणारी हालचाल पुष्कळदां सारखी, म्हणून उपचारही सारखेच वांट्यास यावयाचे. ते उपचार दोन तऱ्हांचे. एकीकडे मित्रांनीं गोड शब्दांनीं धीर द्यावा असें सांगितलें आहे. दुसरीकडे चाबकानें मारून निर्जन घरांत बांधून ठेवावें, दांत काढलेले साप व माणसाळविलेले सिंह-हत्ती दाखवून भेवडवावें, असेंही आहे. सांत्वन आणि धाक ह्या दोन वाटा तेव्हांपासून शेजारीं शेजारीं चालत आल्या आहेत.

सांगवीहून नीरा ओलांडली कीं फलटण जवळच. महानुभावांचें हें मोठें क्षेत्र, कारण त्यांच्या पंचकृष्णांपैकीं श्रीचक्रपाणि येथले. त्यांच्याकडून शक्ति स्वीकारणारे श्रीगोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ हे तेराव्या शतकांत वऱ्हाडांतील ऋद्धिपुरास राहिले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनीं जमविल्या, आणि आद्य मराठी गद्यांत त्या ग्रंथाचें स्थान मोठें आहे. त्यांत राऊळ आपल्याशींच बोलतात, कारणावांचून हंसतात, रागावतात, गल्लोगल्लीं फिरतात, जातपात न पाहतां कोणाच्याही घरांत शिरतात, लहान मुलासारखे खेळतात. भक्तांस ते ईश्वरावतार. त्यांस आजच्या रोगनामाचें लेबल चिकटविण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि तसें करण्यांत स्वारस्यही नाहीं. मला महत्त्वाचें वाटतें तें ऋद्धिपूरचें वर्तन. कोणी त्यांस वेडे म्हटलें, कोणी त्रासलें. तरी गांवानें त्यांस खोलींत कोंडलें नाहीं. उलट तो गांव त्यांस आपली आई आणि आपला बाप म्हणूं लागला.

इंग्रजी अमलांत मात्र कोंडण्यास कायद्याचें रूप आलें. 1858 सालीं वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, आणि 1912 च्या कायद्यानें तर जन्मतः मंद असलेला व मागाहून वेड लागलेला ह्या दोघांसही एकाच व्याख्येंत बसविलें. मुंबईंत 1944 सालीं जय वकील शाळा निघाली, तेव्हां कोठें अशा मुलांसाठीं निराळी जागा असावी हा विचार आपल्याकडे मूळ धरूं लागला.

त्याच सुमारास, 1943 सालीं, अमेरिकेंतील बालमानसवैद्य लिओ कॅनर ह्यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पहिला मुलगा मिसिसिपी प्रांतांतील डोनल्ड. तव्यासारखीं गोल भांडीं आणि लांकडी ठोकळे जमिनीवर गरगर फिरविणें हा त्याचा ध्यास. आईबापांनीं त्यास प्रथम एका संस्थेंत ठेवलें. तेथें तो अगदीं निस्तेज झाला, तेव्हां 1938 सालीं घरीं आणलें. पुढें 1942 च्या सुमारास त्यास एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यांत आलें, आणि येथें ह्या साऱ्या इतिहासांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट घडली. डोनल्डला मोजण्याचा नाद होता. त्या शेतकऱ्यानें नाद मोडला नाहीं. घोडा व नांगर हातीं दिला आणि मक्याच्या ओळी मोजीत नांगरावयास सांगितलें. तो वस्तु मोजीत सुटला, तेव्हां त्यास विहीर खणावयास लावलें आणि तिची खोली मोजूं दिली. हा डोनल्ड पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस राहिला, देशोदेशीं हिंडला आणि 2023 सालीं वृद्धापकाळीं वारला.

असें असून विद्वानांनीं मात्र धाकाचीच वाट धरली. 1965 सालीं लोव्हास ह्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियांत पांच वर्षांच्या दोन जुळ्या भावांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसभर डुलत बसणाऱ्या त्या मुलांस विजेच्या तारा बसविलेल्या जमिनीवर अनवाणी उभें केलें. चाळा थांबला! दांत काढलेल्या सापाच्या जागीं वीज आली, एवढाच काय तो फरक. तो चाळा मुलाच्या कोणत्या कामीं येत होता, हें कोणीं विचारलें नाहीं.

तें उत्तर पुढें स्वमग्न माणसांनींच मोठेपणीं दिलें. गोंगाट, उजेड, गर्दी अंगावर आली कीं ही एकच एक हालचाल मन ठिकाणावर ठेवते. कधीं ती निव्वळ आनंदाची असते. हात धरून ठेवले तर आंतली कासाविशी वाढते. 2013 पासून निदानाच्या अमेरिकन नियमावलींतही संवेदनांच्या ह्या तीव्रतेस स्थान मिळालें. आपल्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें व 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नतेस नांवानिशीं मान्यता दिली.

तेव्हां बारामतीच्या बाजूस तुकोबांची पालखी आली, किंवा लग्नाची वरात दारावरून ताशा वाजवीत गेली, आणि मूल कान झांकून डुलूं लागलें, तर त्यास आधीं आंतल्या खोलींत न्यावें. तें डोकें भिंतीवर आपटीत असेल, हात चावीत असेल, तर गोष्ट निराळी. कान, दांत किंवा पोट दुखत असेल, म्हणून डॉक्टरांस दाखवावें, डोक्यामागें उशी धरावी, हातांस दुसरें कांहीं मऊ चघळण्या-दाबण्यास द्यावें. निव्वळ फडफडणाऱ्या हातांस मात्र औषधाची गरज नाहीं. मोजण्याचा नाद असेल तर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या त्यास मोजूं द्याव्या, ठिबकच्या नळीवरचीं छिद्रें मोजूं द्यावीं, आणि संध्याकाळीं वडिलांनीं तो आंकडा वहींत लिहून घ्यावा.