चाळीस वर्षांनी दिलेली साक्ष

आपल्या पापाला क्षमाच नाही असे ज्याला वाटते, त्याने जॉन न्यूटनकडे पाहावे. १७४८ साली भर समुद्रात वादळात सापडलेल्या या इंग्रज खलाशाने देवाचा धावा केला. तरीही १७५० ते १७५४ पर्यंत तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता! १७६४ साली तो पाद्री झाला. मात्र त्या व्यापारातील क्रौर्य त्याने छापून उघड केले ते १७८८ साली. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. १८०७ साली ब्रिटिश कायद्याने तो व्यापार बंद केला. त्याच वर्षी न्यूटन वारला.

ख्रिस्ती धर्म सांगतो, क्षमेचे दार कोणालाही बंद नाही. मी कामगारांत वावरलेला माणूस; मला एवढेच कळते, की क्षमा मागितली तरी साक्ष द्यायची उरतेच. ती द्यायला उशीर करू नये. पण उशीर झाला म्हणून गप्पही बसू नये.