औषध मिळतं, पण राहायचं कुठं?

दसरा चौकात सिग्नलला थांबलात की एकदा नीट आजूबाजूला बघा. मधे शाहू महाराजांचा पुतळा, बाजूला बोर्डिंगच्या जुन्या इमारती, आणि चार पावलं पुढं गेलं की सीपीआर. एकीकडं राहायची सोय, दुसरीकडं उपचाराची. दोन्ही इतक्या जवळ. तरी एका प्रकारच्या माणसासाठी या दोन सोयी अजून एकत्र आलेल्या नाहीत. त्याविषयी आज लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

शाहू महाराजांचा १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या वर्षभर आधी, १८ एप्रिल १९०१ ला, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. खेड्यातल्या पोराला शाळेची दारं उघडी करून भागत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. फी माफ केली तरी पोरगं कोल्हापुरात आल्यावर रात्री झोपणार कुठं? जेवणार कुठं? त्यापायीच पोरं परत गावाकडं जात होती. म्हणून आधी छप्पर.

मग एकामागून एक वसतिगृहं झाली. जैन, मुस्लिम, लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी नुसता आशीर्वाद दिला नाही. जागा दिल्या, इमारती दिल्या, कायमचं उत्पन्न लावून दिलं. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. एका खोलीतून काय उभं राहतं, त्याचा हा पुरावा.

फासेपारध्यांचीही गोष्ट तशीच. इंग्रजांनी ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, त्यांना महाराजांनी सोनतळीला जवळ ठेवलं, पहाऱ्याची कामं दिली. १९१८ मध्ये संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. जागा, काम आणि विश्वास, तिन्ही एकदम दिलं.

आता दुसरी बाजू.

मनाचा आजार झालेल्या माणसाचं त्या काळात काय व्हायचं? इंग्रज सरकारचं उत्तर एकच होतं, भिंतीआड ठेवा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं. १९१२ च्या कायद्याचं नावच ‘वेड्यांचा कायदा’. मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा, पोलिसांनी पोचवायचं. तो कायदा १९८७ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना म्हणूनच आंबा घाट ओळखीचा आहे. मलकापूर, आंबा, साखरपा करत माणूस रत्नागिरीला न्यायचा.

दहा-बारा वर्षांपूर्वी त्या रस्त्याच्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा बसले होते. मुलीला आणायला निघालेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बरी आहे, गोळ्या चालू ठेवा आणि घरी न्या. मी म्हटलं, चांगलंच झालं की. आई काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, “सायेब, दोन खोल्याचं घर. माझी पोरं मोठी झाली. आईच्या माघारी हिला ठेवायची कुठं, सांगा की.” तो वाईट माणूस नव्हता. रजा टाकून बहिणीला आणायला निघाला होता. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो.

असल्या प्रश्नाला उत्तर नसलं की काय होतं, ते देशानं ६ ऑगस्ट २००१ ला पाहिलंय. तमिळनाडूतल्या एरवाडीला घरच्यांनी आणून ठेवलेले पंचवीसहून जास्त रुग्ण आगीत गेले. साखळीनं बांधलेले होते, पळता आलं नाही.

मार्ग काढणारी माणसंही आपल्याच राज्यात आहेत. डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन काढलं. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उचलायचं, कर्जतच्या केंद्रात ठेवून उपचार करायचे, घर शोधून पोचवायचं. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. अपंग मुलांसाठी उचगावचं ‘घरौंदा’ वसतिगृह त्यांचंच. आधी राहायची सोय, मग शिक्षण, मग काम. बोर्डिंगचाच धडा हा.

कायदाही आता तेच म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं १९ वं कलम सांगतं की, घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. बरं झालेल्यांसाठी वस्तीतच राहण्याच्या जागा सरकारनं करायच्या आहेत. कलम १०० प्रमाणं रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नाही, चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. आणि २०१० पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आहे, मोठ्या शहरात लाख लोकांमागं एक रात्रंदिवस चालणारा निवारा. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या जवळ होतं. म्हणजे किमान पाच.

म्हणून महापालिका आणि जिल्हा प्रशासनाकडं माझी मागणी साधी आहे. तीन आकडे जाहीर फलकावर लावा. बेघरांसाठी किती खाटा, त्यातल्या बायकांसाठी किती, आणि मनाच्या आजारातून बरं झालेल्यांना राहायला किती. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्हीही हेच तीन आकडे विचारा. ६ मे ला महाराजांच्या स्मृतीसाठी शंभर सेकंद उभं राहणारं गाव आहे आपलं. एवढं विचारायला तेवढाही वेळ लागत नाही.

तुमच्या घरात, गल्लीत कुणाला मनाचा त्रास असेल तर १४४१६ वर फोन लावा. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजायचं काही कारण नाही.